वडिलांच्या रक्तातली सूज

वडील एसटीत कंडक्टर होते. कोल्हापूर-मलकापूर फेरीवर त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर दोनतीन वर्षांतच ते विसरायला लागले. आधी रस्ते, मग माणसं. सत्तरचं दशक संपत आलेलं. आई नव्हती, भाऊ जयसिंगपूरला. राहिले मी, बिनलग्नाची, एका लॅबमध्ये रक्त तपासणारी.

दोनदा ते घरातून निघून गेले आणि पार उचगावात सापडले. तेव्हापासून कामावर जाताना मी बाहेरून कडी घालायची. दुपारी येऊन जेवण वाढायची. मी परत कामावर निघाले की ते दाराशी यायचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

"ड्युटी हाय माझी. सोड की."

"आज सुट्टी हाय, बाबा."

"मग तू कुठं निघालीस?"

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. तरी एका सकाळी मी घरीच त्यांचं रक्त काढलं. सुई टोचली तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पावणं, कुठं उतरणार?"

लॅबमध्ये ते रक्त बारीक नळीत उभं केलं. तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात, त्यावरून शरीरात कुठं सूज आहे का, याचा अंदाज येतो. त्या दिवशी पेशी भराभर खाली गेल्या. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. शरीर कशाशी तरी झगडतंय, म्हणजे त्यावर औषध असणार.

छातीचा फोटो स्वच्छ निघाला. दाढेखाली पू सापडला. दाढ काढली, इंजेक्शनं झाली. महिन्याभरानं पुन्हा नळी लावली, तर सगळं नॉर्मल.

"चला, बरं झालं," शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली. मी मान हलवली आणि मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. घरी ते तसेच दाराशी उभे होते.

त्यानंतरही मी तीनदा रक्त काढलं, काहीतरी बिघडलेलं निघावं म्हणून. शेवटी त्यांच्या दंडावरचे काळेनिळे डाग बघून थांबले. अशा विसरणाऱ्या माणसांच्या रक्तात सुजेच्या खुणा आता मोठे संशोधक शोधतात, असं वाचते. तेव्हा मला एवढंच कळलं की दाढेचं दुखणं बरं झालं, वडील बरे झाले नाहीत.

मी अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं. उरलेला दिवस आतून कडी लावून आम्ही दोघं. अशी चार वर्षं गेली, मग ते गेले.

भाऊ म्हणाला, "आता चार दिवस आमच्याकडं ये की."

मी हो म्हणाले, पण गेले नाही. बरेच दिवस घरातून निघावंसंच वाटलं नाही.