दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मी माझा डबा पाच दिवस पाच ठिकाणी खाल्ला. सोमवारी कॅन्टीनमध्ये. तिथे म्युझिक इतकं मोठ्यानं लावलेलं की आपण काय चावतोय तेही कळू नये. मंगळवारी बाहेर बाकावर, तर भुरभुर सुरू झाली. बुधवारी जिन्यात. गुरुवारी बसस्टॉपवर, एका म्हाताऱ्या बाईशेजारी. मेथीचा वास आल्यावर तिनं आपली पर्स उचलून पलीकडे ठेवली. आणि शुक्रवारी, सांगायला लाज वाटते, बायकांच्या टॉयलेटमध्ये, आतून कडी लावून. सदतीस वर्षांची बाई, घरी चौदा वर्षांची मुलगी, आणि मी तिथे बसून पोळीचे घास गिळतेय. हात धुताना आरशात बघवेना.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. त्याआधी बारा वर्षं मी एअरपोर्टजवळच्या एका मोठ्या किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे लावत होते. मग दोन वर्षं संध्याकाळचे क्लास केले, परीक्षा दिल्या आणि लंडनमधल्या कॉलेजात इतिहासाला ॲडमिशन मिळवली. आमचे हे म्हणाले, "हौस आहे ना, कर." त्यात कौतुक नव्हतं आणि विरोधही नव्हता. आमच्या हाउन्सलोहून पिकॅडिली लाइनची ट्रेन पकडून मी रोज जायची, अकराचं लेक्चर करायची, आणि पुढचा क्लास थेट तीनला. मधले तीन तास कुठे घालवायचे हा माझा खरा अभ्यासक्रम होता. लायब्ररीत डबा उघडता येत नव्हता. वर्गातल्या पोरींना घोळक्यानं पबमध्ये जायचं असायचं. पहिल्याच दिवशी एका मुलानं मला लेक्चरर समजून दार उघडून धरलं आणि दुसऱ्या एकीनं विचारलं, बाई, ही खोली झाडून झाली का. दोघंही बिचारी चांगल्या मनानंच वागली, पण माझा जीव कुठे ठरेना.

तर तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. कॉलेजातल्या मुलींची एक जुनी सोसायटी, म्हणजे मंडळच, होती, फक्त मुलींची, तिची ती खोली. आत एक खचलेला सोफा, किटली, हीटर, खिडकीत बिस्किटांचा डबा. मी हे सगळं दार उघडमीट होताना पाहून पाठ केलं होतं. मेंबर झालं की एका जाड वहीत सही करायची आणि हिरव्या रिबिनीत ओवलेली खोलीची किल्ली मिळायची. मग त्या एकमेकींना सिस्टर म्हणायच्या. अर्धं गमतीनं, अर्धं खरंच. नवीन पोरींना टर्मच्या सुरुवातीला जुन्या मेंबर स्वतः जाऊन विचारायच्या, हीच रीत. गळ्यात हिरवी रिबीन दिसली की मी ओळखायची, हिच्याकडे किल्ली आहे, ही कुठेही बसून जेवेल.

दुसऱ्या आठवड्यात मला विचारलं. यॉर्कशरची एक उंच, तांबड्या केसांची मुलगी होती, दुसऱ्या वर्षाला, सोसायटीचं सगळं तीच बघायची. कॉरिडॉरमध्ये मला गाठून, हातात नावांची यादी घेऊन, छान हसून तिनं विचारलं की तुला आमच्यात यायला आवडेल का.

बाई गं, मला इतका आनंद झाला. आणि तोंडातून काय निघालं? "नको नको, मी कशाला, या वयात. थँक यू हं." असं म्हणून मी स्कार्फ नीट केला आणि हसून उभी राहिले.

वाट बघत होते. आता ती म्हणेल, असं काय करतेस, ये की. मग मी म्हणेन, अगं, तुमच्या पोरीपोरींत माझं काय काम. मग ती दंडाला धरेल आणि मी हो म्हणेन. आमच्याकडे चहासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कोणी हातात घेत नाही. पंगतीत कुणी जिलबी वाढायला आला की पानावर आडवा हात धरायचा, आणि वाढणाऱ्यानं त्या हाताखालून वाढायची. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट. हे मला कोणी शिकवलं नाही, मी त्यातच वाढले.

ती म्हणाली, "ओके, नो प्रॉब्लेम." पेन्सिलीनं माझ्या नावावर रेघ मारली आणि गेली. मी तिथेच. कॉरिडॉरमध्ये. हसू अजून तोंडावर तसंच.

तुम्ही म्हणाल, सतरा-अठरा वर्षं इंग्लंडात काढली, एवढं कळू नये? कळत होतं की. शेजारणीनं चहा विचारला की मी पहिल्याच झटक्यात हो म्हणायला कधीच शिकले होते, कारण नाहीतर चहा मिळत नाही. पण चहा वेगळा. ही गोष्ट मला मनापासून हवी होती, आणि मनापासून हवी असली की माणूस आपल्या लहानपणच्या वळणावर जातो. मी तरी गेले.

मग सुरू झाली माझी भिंगरी. रोज काही ना काही निमित्त काढून मी तिसऱ्या मजल्यावर जायची. फोटोकॉपीचं मशीन तिकडे होतं, देवाची कृपा. एकच पान मी तीन-तीनदा कॉपी केलं. ती पोर दिसली की तिच्या वाटेत उभी राहायची. एकदा म्हटलं, थंडी काय पडलीय ना, दुपारी कुठेतरी टेकावंसं वाटतं. तिनं अगदी काळजीनं सांगितलं की कॅन्टीनच्या डाव्या कोपऱ्यातला हीटर चांगला चालतो. दुसऱ्यांदा मी घरून चकल्या नेल्या, तिला दिल्या. तिला इतक्या आवडल्या की तिनं कृती लिहून घेतली. तिसऱ्यांदा सरळ विचारलं, तुमची सोसायटी कशी काय चाललीय. मस्त, म्हणाली. आणि गेली खोलीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कृती लिहून घेते, चकल्या खाते, आणि एक शब्द परत विचारत नाही. आगाऊ कुठली.

राग घरी निघायचा. भाजीत मीठ जास्त, पोरीवर आवाज चढलेला, ह्यांचं पेपर वाचणं डोळ्यांत खुपलेलं. रात्री वाचायला बसले की पुस्तक पुढे आणि मन तिसऱ्या मजल्यावर. मला वाटायला लागलं की आपलं सगळंच चुकलं. ट्रे लावत होतो ते बरं होतं, तिथे ब्रेकरूममध्ये निदान माझी खुर्ची होती. एका दुपारी तर मी तीनचा क्लास न करताच परत आले, हाउन्सलोला उतरले आणि हाय स्ट्रीटवर उगीच दोनदा खालीवर चालले. फी परत मिळते का, हे विचारायचं मनात पक्कं करत होते.

मुलीनं पकडलं. तिचं मराठी म्हणजे अर्धं घरचं, अर्धं शाळेचं. मम्मी, तू सारखी क्रॉस, म्हणजे रागावलेली, का आहेस, असं तिनं विचारलं आणि मी भडाभडा सगळं सांगितलं. तिनं टोस्ट खात खात ऐकलं. मग म्हणाली, "पण तिने आस्क केलं. तू नको म्हणालीस. मग ती काय करणार?" मी म्हटलं, अगं, तसं म्हणायचं असतं. का, म्हणाली. मी तिची बशी उचलून धुवायला लागले.

सोमवारी मी वर गेले आणि दार वाजवलं.  तांबड्या केसांच्या मुलीनंच उघडलं. आत आणखी तिघी-चौघी, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या. मी उंबऱ्यातूनच बोलायला सुरुवात केली, आणि सुरुवात केली ती थेट पंगतीपासून. जिलबी, आडवा हात, हावरटपणा, सगळं इंग्रजीत. माझं मलाच हसू यायला लागलं. शेवटी म्हटलं की त्या दिवशी मी नको म्हणाले ते खरं नको नव्हतं, तू पुन्हा विचारशील असं वाटलं होतं मला.

 सोफ्यावरच्या एकीनं ओठ चावला आणि वर भिंतीकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. किटलीच्या वर एक भलंमोठं पोस्टर लावलेलं होतं, जांभळ्या अक्षरांचं. नाही म्हणजे नाही. त्या वर्षी त्यांची त्यावरच मोहीम चालली होती. मुली घरी जाताना कुणी मागे लागतं, कुणी ऐकत नाही, त्याविरुद्ध. आणि मी त्याच्यासमोर उभी राहून सांगत होते की माझं नाही म्हणजे नाही नसतं.

ती पोर मात्र हसली नाही. तिचा चेहरा गंभीर झाला होता. तिनं विचारलं, "म्हणजे मी काय करायला हवं होतं?"

"पुन्हा विचारायचं."

"आणि तुला खरंच नको असतं तर?"

  ह्या प्रश्नावर मला त्या दारात, त्या हीटरच्या वासात, एकदम आमचं पुण्याचं स्वयंपाकघर दिसलं. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजचं पहिलं वर्ष नुकतं सुरू झालेलं. मुलगा लंडनचा, स्थळ हातचं घालवण्यासारखं नाही. मी आईला म्हटलं, नको, मला शिकायचंय. आत्याला म्हटलं, नको. वडिलांसमोर उभी राहून, मान खाली घालून, तिसऱ्यांदा म्हटलं, मला नको. आत्या हसून म्हणाली, लाजतेय. सगळे हसले. वैशाखात लग्न झालं. आडव्या हाताखालून वाढलंच त्यांनी मला, आणि मी जेवले. हे वाईट माणूस नाहीत, मी सुखानं संसार केला. पण माझं नको कुणी ऐकलं नव्हतं, आणि अठरा वर्षांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझं नको पहिल्याच झटक्यात ऐकणारं पहिलं माणूस म्हणजे ही तांबड्या केसांची पोर. आणि मी महिनाभर तिलाच शिव्या घालत होते.

मला रडू आलं. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. तिनं मला आत घेतलं नाही आणि बाहेरही जाऊ दिलं नाही. दार धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली की ती आता पुन्हा विचारणार नाही. मला हवं असेल तर मी सांगायचं.

एवढंसं वाक्य. आय वॉन्ट टु कम इन. अहो, लेक्चरमध्ये तासभर बोलायला लावलं असतं तर बोलले असते, पण हे निघेना. आयुष्यात मला अमुक हवंय असं वाक्य मी माझ्यासाठी म्हटलंच नव्हतं. पोरीसाठी म्हटलं होतं, ह्यांच्यासाठी म्हटलं होतं. कानशिलं गरम झाली. सगळ्याजणी माझ्याकडे बघताहेत. हावरट, हावरट, असं डोक्यात वाजतंय. आणि मी म्हणाले.

तिनं वही आणली. मी सही केली, किल्ली घेतली, सोफ्यावर बसून डबा उघडला. त्या दिवशी कोबीची भाजी होती. एकीनं विचारलं, मी चाखू का. मी डबा तिच्यापुढे केला. पोटभर जेवले. कॉलेज सुरू झाल्यापासून पहिल्यांदा घाई नव्हती.

त्याच आठवड्यात, शनिवारी, स्टॅनमोरला ह्यांच्या मावसभावाकडे जेवण होतं. वीस माणसं. अशा ठिकाणी मी सकाळपासून जाऊन पुऱ्या लाटायची, हे ठरलेलंच. मला सोमवारी निबंध द्यायचा होता. मी ह्यांना सकाळी सांगितलं, मी येत नाही, अभ्यास आहे. हे हो म्हणाले आणि दाढी करायला गेले. अकरा वाजता कोट घालून, बूट घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन हॉलमध्ये येऊन उभे. मुलगीही तयार. मी टेबलाशी, पुस्तकं पसरून.

"चल, आवर. पाच मिनिटांत निघू," हे म्हणाले. अगदी नेहमीच्या, मायेच्या आवाजात. अशा वेळी मी उठायची, अंबाडा बांधायची, थोडी कुरकुर करत गाडीत बसायची. अठरा वर्षं हेच.

मी पेन खाली ठेवलं नाही. "अहो," मी म्हटलं, "मी सकाळी नाही म्हणाले."

हे बघत राहिले. मुलगी माझ्याकडे, मग ह्यांच्याकडे.  काय सांगायचं तिथे, असं हे हळूच म्हणाले. मी म्हटलं, सांगा, तिला यायचं नव्हतं. ह्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. दार ओढून घेतलं.

खरं सांगते, गाडी सुरू होईपर्यंत मी कान देऊन बसले होते. परत येतील, आणखी एकदा म्हणतील, चल गं. म्हणाले असते तर कदाचित मी उठलेही असते. गाडी सुरू झाली, वळली, गेली. ह्यांनी ऐकलं होतं. घरात मी एकटी, आणि पुढचा अर्धा तास मला एक ओळ लिहिता आली नाही.