भिंगं धुवायचं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीच्या बुबुळांचा आकार बिघडत चालला होता. इतरांचं बुबुळ गोलसर असतं, तिचं पुढे टोकदार होत होतं. दर सहा महिन्यांनी चष्मा बदलून झाला आणि शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनीच हात टेकून तिला मुंबईला पाठवलं. ही साठ सालानंतरच्या सातआठ वर्षांतली गोष्ट. मुंबईत तिच्या डोळ्यांत भिंगं बसवली. हरभऱ्याच्या सालाएवढी, तशीच वाकलेली, कडक प्लॅस्टिकची. ती डोळ्यांत असली की तिला फळ्यावरचं अक्षर दिसे; काढली की फळा आणि भिंत एकच. ती पूर्णेच्या काठच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवायची. भिंगं होती म्हणून नोकरी होती, इतका सरळ हिशेब होता.

मुंबईच्या डॉक्टरांनी तिला अर्धा तास शिकवलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. हात साबणानं धुवायचे, धागे न सुटणाऱ्या कापडाला पुसायचे. पाणी चांगलं उकळायचं, झाकून गार करायचं, त्यात मोजून मीठ घालायचं. रोज ताजं करायचं, कालचं फेकून द्यायचं. भिंग तोंडात घालून ओलं करायचं नाही. घालून झोपायचं नाही. मग ते म्हणाले, "डोळा लाल झाला तर पहिलं काम भिंग काढणं, दुसरं काम डॉक्टरकडे जाणं. तिसरं काम नाही." मी मान डोलावली. मी तेव्हा अमरावतीला एका कॉलेजात शिकवत होतो आणि मान डोलावण्याची मला सवय होती.

तिचं गाव खारपाणपट्ट्यातलं. त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, ती वरच्या आळीत. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो होतो. त्या विहिरीपर्यंत ती बातमी अजून पोचायची होती. सरपंच सुधारक होते. त्यांनी शाळेच्या बाईंना रोज सकाळी एक घागर गोडं पाणी घरपोच मिळावं अशी व्यवस्था केली होती. म्हणजे बाईंनी स्वतः विहिरीवर येऊ नये अशी. दर पंधरा ऑगस्टच्या भाषणात या घागरीचा उल्लेख होई.

एका घागरीत पिणं, स्वयंपाक आणि भिंगं. उन्हाळा लागला तसं ते पुरेना. तिनं मला कार्ड टाकलं: आणखी एक घागर मागू का? शाळेतल्या दोनतीन मुलींच्या आया चांगल्या आहेत, त्या आणून देतील.

माझं उत्तर त्याच दिवशी गेलं. आपण कोणाच्या दारात पाणी मागायचं नाही, हे मी पहिल्या ओळीत लिहिलं. मग मागायचं नाही तर करायचं काय, तेही सांगणं आलं. तेव्हा मी विचार केला, म्हणजे त्या वेळी मी ज्याला विचार म्हणत असे ते केलं. डॉक्टर पाण्यात मीठ कशाला घालायला सांगतात? अश्रू खारट असतात म्हणून. तुझ्या घरामागच्या विहिरीचं पाणी मुळातच खारट आहे. मागच्या खेपेला मी चाखलं होतं, अगदी अश्रूंइतकंच खारट. निसर्गानंच तुझ्या डोळ्यांसाठी तयार करून ठेवलेलं पाणी सोडून दुसऱ्याच्या घागरीकडे कशाला बघतेस? त्या कार्डावर जागा उरली नाही, समासातसुद्धा मी लिहिलं होतं.

तिनं आठवड्यानं कळवलं की ते पाणी उकळलं तर भांड्याच्या तळाशी पांढरी भुकटी बसते आणि ती डोळ्यात खुपते. मी कळवलं, मग उकळू नकोस, मलमलीतून चार पदरी गाळून घे. स्टाफरूममध्ये मी ही युक्ती सांगितली. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक तेवढे गप्प राहिले. मला वाटलं, त्यांना हेवा वाटला.

सहा महिने काही झालं नाही. चुकीचा सल्ला लगेच अंगलट आला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर शाळेच्या तपासणीला साहेब येणार होते. मी शनिवारी तिच्याकडे गेलो तेव्हा गाव कामाला लागलेलं होतं. शाळेच्या भिंतींना चुना मारणं चाललं होतं, दारात केळीचे खांब उभे राहत होते आणि ज्या मुलांना वर्षभर बसायला पट्टी नव्हती ती स्वागतगीत घोकत होती. बहिणीचा उजवा डोळा लाल होता.

तिनं मला विचारलं. हे मला नीट आठवतं, कारण नंतर ते विसरायचा मी बराच प्रयत्न केला. भिंग हातावर घेऊन ती म्हणाली, "दादा, कालपासून टोचून राहिलं. काढूनच ठेवू का? पण सोमवारी सायबासमोर हजेरी वाचा लागते. दिसलं नाही तर म्हणतील बाई आंधळी हाये, नोकरी जाईन."

मी तिला खिडकीशी नेऊन डोळ्यात पाहिलं, जणू मला त्यातलं काही कळत होतं. चुन्याची धूळ गेली आहे, म्हणालो. धुऊन घाल, सोमवारनंतर विश्रांती दे. आणि ते भिंग मीच धुऊन दिलं, मलमलीतून गाळलेल्या त्याच पाण्यात.

सोमवारी साहेब दोन तास उशिरा आले. हार झाले, नारळ झाला, सरपंचांचं भाषण झालं आणि त्यात घागर आली. साहेब स्वच्छतेवर बोलले. मुलांनी नखं कापावीत, पाणी गाळून प्यावं, गाळलेलं पाणी हाच आरोग्याचा पाया. बहीण भिंतीशी उभी होती आणि तिच्या उजव्या डोळ्यातून सारखं पाणी वाहत होतं. साहेबांची समजूत झाली की स्वागतगीतानं बाई गहिवरल्या. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं हजेरी वाचली. एकही नाव चुकलं नाही. शेरा उत्तम मिळाला.

साहेबांची जीप वळल्यावर तिनं भिंग काढलं आणि ओट्यावर बसली. डोळ्याच्या काळ्या भागावर पांढरा ठिपका होता, तांदळाच्या कणीसारखा. आम्ही छकड्यातून फाट्यावर आलो, तिथून मोटारीनं अकोल्याला. वाटेत तिनं पदर डोळ्यावरून काढला नाही आणि मी धुळीविषयी काही बोललो नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. बुबुळावर जखम होऊन पू धरला होता. किती दिवस लाल आहे, त्यावर भिंग घातलं होतं का, हे त्यांनी विचारलं. तिनं खरं सांगितलं.

"कोणत्या पाण्यात धूत होता?"

"विहिरीच्या. गाळून."

"उकळून?"

"नाही."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिच्या मागे उभा होतो. समोर अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. त्याची सगळ्यात खालची ओळसुद्धा मला स्पष्ट वाचता येत होती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच करत होते."

"शिकलेल्या बाई तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "पाणी स्वच्छ दिसतं म्हणून स्वच्छ असतं का? खारट असलं म्हणजे औषध होतं का?" त्यांनी आणखीही बरंच सुनावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी खोकलो, इतकंच.

पंधरा दिवस ती त्या दवाखान्यात होती. तासातासाला थेंब, वरून इंजेक्शनं. डोळा वाचला, नजर वाचली नाही. जखम भरली तिथं फूल पडलं, पांढरा डाग, बुबुळाच्या बरोबर मध्ये. डाव्या डोळ्यात महिन्याभरानं भिंग घालायला हरकत नाही, डॉक्टर म्हणाले, पण पाणी उकळलेलंच हवं, आणि त्या खाऱ्या विहिरीचं नको.

घरी न्यायच्या आदल्या दुपारी मी तिच्याजवळ बसलो. बरीच तयारी करून आलो होतो. डॉक्टरांना मी खरं सांगतो म्हणालो, चूक माझी होती, तुझ्यावर ठपका राहायला नको. बदलीचा अर्जही मी लिहून आणला होता, अमरावतीजवळची शाळा मिळावी म्हणून. अर्ज चांगला उतरला होता.

तिनं अर्ज हातात घेतला आणि उघडला नाही. "डाक्टरले सांगून काय होते? तुले मोकयं वाटीन. मले काय दिसीन त्यानं?"

मी म्हणालो, तुला कोणापुढे हात पसरावा लागू नये एवढंच माझ्या मनात होतं.

"माईत हाये मले," ती म्हणाली. "पण मले डोया पायजे होता, दादा. मान तुले पायजे होता."

मी काही बोलू शकलो असतो. कोणत्या विहिरी कोणासाठी बंद होत्या, आमच्या बापानं कुठं कुठं ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी प्यायलं, आणि ते पुन्हा करायचं नाही म्हणून आम्ही काय काय केलं, हे सगळं मला येत होतं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तिलाही ते माझ्याइतकंच पाठ होतं.

ती त्याच गावात परत गेली. गेल्या गेल्या तिनं एका मुलीच्या आईला विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरी घागर येऊ लागली. त्या बाईनं म्हणे एवढंच विचारलं, "आधीच काहून नाई सांगतलं, बाई?" पाणी उंबऱ्याबाहेरूनच, वरून, न शिवता तिच्या भांड्यात ओतलं जाई. मी नंतर गेलो तेव्हा ते पाहिलं. बहीण भांडं धरून उभी होती आणि त्या बाईशी तिच्या मुलीच्या बेरजांबद्दल बोलत होती. दोघी हसत होत्या.

मी आत येऊन बसलो. तिनं पाणी उकळायला ठेवलं, झाकलं, गार झाल्यावर मीठ मोजून घातलं. भांड्यात उरलेल्या त्याच गोड्या पाण्याचा चहा केला आणि एक कप माझ्यापुढे ठेवला. मी तो घ्यावा की नाही हे मला ठरवता येईना. तिनं वाट पाहिली नाही. खिडकीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून, तिनं भिंग डोळ्यात बसवलं आणि वह्या तपासायला घेतल्या.