पिल्लाच्या जागी

रविवारी मी सोलापुरातली कुटुंबं माझ्या गाडीतून एका मोठ्या शेतावर फिरायला नेतो. तिथं हुरडा, झोके, बैलगाडी असं सगळं असतं. शेळ्यांच्या कुंपणापाशी एक मावशी असतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना दर वाक्याला 'की वो' म्हणतात. पोरांनी शेळीचं पिल्लू उचललं, की त्या खाली आपले हात पसरून ठेवतात, निसटलं तर झेलायला.

परवा दुपारपर्यंत हाताहातांतून फिरून पिल्लाचे पाय लटपटायला लागले. मावशींनी फाटक लावून घेतलं आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, "झोपलंय की वो ते. आता उठवायचं न्हाय."

पिल्लू त्यांच्या मागंच उभं होतं, डोळे उघडे ठेवून.

तेवढ्यात मालक आले. "लोकांनी तिकिटं काढलीत मावशी. त्यांना फोटो तर पाहिजे."

"मग मी हुबी राहते की वो."

मालक हसले आणि निघून गेले. मावशींनी डोक्यावर पदर घेतला. सकाळपासून त्या बसल्या नव्हत्या. त्यांच्याशेजारी फोटो काढून एक कुटुंब गेलं की चेहऱ्यावरचं हसू उतरायचं, दुसरं आलं की त्या ते पुन्हा आणायच्या.

माझ्या गाडीतल्या बाईंनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि पोरांना घेऊन मावशींच्या बाजूला उभ्या राहिल्या. मी एक फोटो काढला.

"अजून दोन-तीन काढा ना," बाई म्हणाल्या.

"झकास आलाय," म्हणत मी मोबाईल परत दिला. फोटो मी बघितलाच नव्हता.