कपाटाच्या रंगाची स्क्रीन

कोथरूडमधल्या कितीतरी इमारतींचे जिने मी काढलेले आहेत. बांधलेले नव्हेत, काढलेले. इमारत दिसायला कशी असावी ते आर्किटेक्ट ठरवतो, ती उभी कशी राहील ते आमचं ऑफिस ठरवतं, आणि त्या उभं राहण्याची ड्रॉइंग्ज मी काढते. कुठल्या बीममध्ये किती जाड सळई घालायची, ती कुठे वाकवायची, कुठे संपवायची. इमारत पूर्ण झाली की लोक रंगाचं आणि फरशीचं कौतुक करतात. माझ्या सळया तोवर काँक्रीटच्या पोटात गडप झालेल्या असतात. पण स्कूटरवर मागे बसले असले की मी नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसते आणि सांगते, "हा जिना माझा." तो आता मान न वळवताच "छान आहे" म्हणतो.

सगळ्या ड्रॉइंग्जमध्ये जिना अवघड, आणि त्यातही वळणाचा. सरळ बीम कोणीही काढेल. वळणावर सळया एकमेकींच्या अंगावर येतात, त्यांना वाट करून द्यावी लागते. आमच्या ऑफिसात कोणी न ठरवता एक रीत पडून गेली होती, की जिने माझ्याकडे. मला त्याचा अभिमान होता आणि आहे, आणि तो मी कधी लपवलेला नाही.

मी कामाला लागले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचे. चुकलं तर ब्लेडने रेष खरवडायची, कागदाला भोक पडू न देता. पुढे कॉम्प्युटर आला आणि पांढरा कागद जाऊन काळी स्क्रीन आली. हल्लीची मुलं मोबाइल डार्क मोडवर टाकतात आणि काहीतरी शोध लागल्यासारखं बोलतात. आम्ही ड्रॉइंगवाले पहिल्या दिवसापासून काळ्यातच आहोत. काळ्यावर पिवळे बीम, लाल कॉलम, आकाशी सळया, हिरवी मापं. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय सुंदर रंगवलंय. पण ते रंग शोभेचे नसतात. प्रिंट तर पांढऱ्यावर काळीच निघते. रंग असतो तो प्रिंटरला रेषेची जाडी सांगायला. पिवळं असेल ते जाड उमटायचं, हिरवं असेल ते बारीक, हा आमच्या ऑफिसचा दंडक. तो सरांनी घालून दिला होता आणि त्याला कोणी हात लावत नसे.

सर म्हणजे ऑफिसचे मालक. माणूस हुशार आणि बोलायला कंजूष. ते स्क्रीनवर कधी तपासत नसत. प्रिंट टेबलावर पसरायची, लाल पेनने चुकांवर खुणा मारायच्या आणि परत पाठवायची. चूक नसेल तर कोपऱ्यात नुसती सही. ती सही म्हणजेच शाबासकी. "पडद्यावर माझा विश्वास नाही," असं ते म्हणायचे आणि आम्ही मान डोलवायचो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या रेषांना लव फुटायला लागली. सकाळी सगळं ठीक असायचं. जेवणाची सुट्टी झाली की पिवळ्या रेषांच्या कडा विस्कटायच्या, शेजारच्या दोन आकाशी सळयांची एकच जाड सळई दिसायची. मी पुढे वाकायचे, डोळे बारीक करायचे. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि कपाळ ठणकायचं. त्यातून माझ्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी. काळ्या स्क्रीनमध्ये खिडकीचे गज दिसायचे, बाहेरचं झाड दिसायचं आणि सगळ्यांच्या मधोमध माझा चेहरा. वळणाचा जिना काढताना स्वतःचंच तोंड बघत बसणं काही सुखाचं नव्हतं.

मला भीती वाटली, ती चष्म्याचा नंबर वाढण्याची नव्हे. माझ्याकडे मिरवण्यासारखं आयुष्यात एकच आहे, ते म्हणजे माझी रेष. ती मलाच दिसेनाशी झाली तर माझं काय उरणार, ही भीती होती.

सदाशिव पेठेतल्या ज्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, ते पेशंटला खूश करून पाठवण्यातले नव्हते.

"काय काम करता?"

"कॉम्प्युटरवर ड्रॉइंग्ज काढते."

"मधूनमधून डोळ्यांची उघडझाप करता का?"

"लक्षात नाही."

"करत चला. फुकट असते."

मग त्यांनी नीट तपासलं आणि कागदावर डोळा काढून समजावलंही. माझ्या डोळ्याची पुढची काच सगळीकडून सारखी गोल नव्हती आणि त्यासाठी लागणारा सिलिंडरचा नंबर जुन्या चष्म्यात पुरेसा नव्हता. काळ्या स्क्रीनकडे बघताना डोळ्याची बाहुली मोठी होते. मोठ्या बाहुलीतून उजेड आत येतो तसा डोळ्याचा दोषही जास्त जाणवतो, म्हणून काळ्यावरची उजळ रेष फाकते.

"म्हणजे पांढरी स्क्रीन चांगली?" मी विचारलं.

"अहो, सगळ्यांना एकच चांगली असती तर मी छापूनच ठेवली असती ना चिठ्ठी. कोणाला काळी मानवते, कोणाला पांढरी. तुम्हाला काळी मानवत नाही. पाठीमागे खिडकी आहे?"

"आहे."

"टेबल फिरवा."

नवा चष्मा आला, टेबल फिरवलं, उघडझापही सुरू केली. बराच फरक पडला. दुपारची लव मात्र पूर्ण जाईना. म्हणून एका सकाळी मी स्क्रीन पांढरी केली. शेजारच्या टेबलावर एक तरुण इंजिनिअर मुलगी बसते, चुणचुणीत आहे. ती खुर्चीसकट माझ्याकडे सरकली.

"मॅडम, व्हाइट? सीरियसली? डोळे जातील!"

"तेच वाचवतेय," मी म्हटलं.

रेषा खरोखर धारदार दिसायला लागल्या. फक्त पिवळ्या दिसेनात. पांढऱ्यावर पिवळं कुठून दिसणार? कॉलम होते, सळया होत्या, मापं होती आणि बीम सगळे गायब. मी बीम तात्पुरते तपकिरी केले. छापायच्या आधी परत पिवळे करायचे, असं ठरवलेलं होतं. पण साइटवरचा माणूस प्रिंटसाठी दारात येऊन उभा राहिला, त्या गडबडीत ते राहून गेलं. तपकिरी रंगाची जाडी आमच्या दंडकात ठरवलेलीच नव्हती. प्रिंटरने आपल्या मनाने सगळ्यात बारीक रेष ओढली आणि प्रिंट तपासायला सरांच्या टेबलावर गेली.

ते प्रिंट हातात धरूनच बाहेर आले.

"मॅडम, इमारत बीमवर उभी करायची आहे की दोऱ्यावर?"

ऑफिस हसलं. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाची प्रिंट असती तर. मी डोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "मग डोळ्यांना विश्रांती द्या. प्रिंटच्या घड्या घालून साइटवर पाठवायचं काम तुम्ही बघा. वसतिगृहाचा जिना हिच्याकडे देऊ."

हिच्याकडे म्हणजे त्या मुलीकडे. आणि वसतिगृहाचा जिना म्हणजे मुलींच्या वसतिगृहाचा अर्धगोल जिना. आर्किटेक्टचा कच्चा कागद आला त्या दिवसापासून मी त्याची वाट बघत होते.

"सर, थोडे दिवस द्या. काहीतरी मार्ग काढते."

"वेळ मिळाला की बघू," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

मी घड्या घातल्या. घडी घालायचीही पद्धत असते, ड्रॉइंगचं नाव वर यायला हवं. घड्यासुद्धा मी अशा घातल्या की साइटवरून फोन आला, आज प्रिंट्स कोणी पाठवल्या म्हणून. पण आत नुसती आग होत होती. घड्या घालायचं टेबल राखाडी लोखंडी कपाटासमोर होतं. त्या कपाटाच्या दारावर प्रत्येक कामाच्या नावाची रंगीत पट्टी चिकटवलेली होती. पिवळ्या पट्ट्या होत्या, लाल होत्या, निळ्या, हिरव्या होत्या. इतकी वर्षं त्या कपाटाला मी फक्त त्याच्याखालच्या चपलांच्या जागेसाठी ओळखत होते. चिडून समोर बघत उभी असताना माझ्या लक्षात आलं, की एवढ्या लांबून मला सगळ्या पट्ट्या स्वच्छ दिसतायत. पिवळी फाकत नाहीये आणि निळी बुडत नाहीये.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी माझ्या मशीनवर बसले आणि स्क्रीनला कपाटाचा रंग दिला. जरा फिका झाला, पिवळं विरलं. गडद केला तर लाल दबलं. त्या मुलीने पोळीभाजी खाता खाता गंमत बघितली आणि मग तीही सांगायला लागली, "थोडा डार्क. नाही, एवढा नाही. हां, थांबा!" शेवटी कपाटापेक्षा किंचित गडद, पावसाळी ढगाकडे झुकणारा राखाडी जमला. रंगांचा दंडक जागच्या जागी राहिला होता. बीम पिवळेच होते आणि मला एकेरी दिसत होते. खिडकीचे गज टेबल फिरवल्यावर गेलेच होते, आता माझं तोंडही नव्हतं. मला रडू आलं, आणि ते डोळ्यांच्या त्रासाने नव्हतं.

"मॅडम, जिना तुम्हीच काढा," ती मुलगी म्हणाली. "मला दुसरी कामं आहेत. सरांनी विचारलं तर मी सांगेन." तिच्या या वाक्याचं मोल मला ठाऊक आहे. एवढं काम हातून सोडायला मन लागतं.

सकाळी आणि दुपारी घड्या, सुट्टीत जिना, असं चाललं. अर्धगोलात सळया पंख्यासारख्या पसरतात, आतल्या बाजूला दाटी होते. त्या दाटीतून एकेक सळई मी अशी नेली की बांधणाऱ्याला हात घालायला जागा राहील. काढता काढता मी अधूनमधून डोळे मिटत होते, डॉक्टरांचं फुकटचं औषध. इतकं चांगलं काम माझ्या हातून पूर्वीही झालं नव्हतं, हे मी आज खुशाल सांगते. पहिल्या टप्प्याची प्रिंट काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

ती परत आली तेव्हा तिच्यावर लाल खूण नव्हती. कोपऱ्यात सही होती. मागोमाग सर आले.

"हे कुठल्या डोळ्यांनी काढलंत?"

"याच," मी म्हटलं. "स्क्रीन बदलली."

मी उठले. ते माझ्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. माउस हातात घेऊन जिना वरून खाली बघितला, मग खालून वर. दाटीपाशी थांबले. सरांना स्क्रीनवर ड्रॉइंग तपासताना ऑफिसात कोणी पाहिलं नव्हतं. ती मुलगी काम सोडून बघत होती. दुपार कलली होती, आणि ते डोळे बारीक न करता, पुढे न वाकता बघत होते.

"या दोन सळया वेगळ्या दिसतायत," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "काळ्यावर मला त्यांची एकच दिसते. केव्हापासून."

पडद्यावर विश्वास नाही म्हणजे काय, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

ते उठले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "जिना तुमच्याकडेच राहू दे. घड्यांसाठी माणूस बघतो. आणि हा रंग माझ्याही मशीनवर टाका."

"वेळ मिळाला की बघू, सर," मी म्हटलं.

क्षणभर त्यांना कळेना. मग ते हसले, अगदी मोठ्याने, आणि ते हसत असतानाच मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्या मशीनसमोर त्यांची खुर्ची पुढे ओढून बसले.