मागच्या सीटवरच्या बाई

साताऱ्यात माझी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅब होती. जे मायक्रोस्कोपखाली दिसत नाही किंवा मशीनमधून कागदावर येत नाही, त्यावर बोलायचं नाही ही माझी सवय. या ग्रुपवरचे असे अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगते, निम्म्यांना मनातल्या मनात 'झोप कमी' आणि उरलेल्यांना 'थापा' असं लेबल लावून मोकळी होते. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे... तर मला कुठलं लेबल लावायचं ते तुम्ही ठरवा.

माझे मिस्टर फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. मूळचे वडूजकडचे. घरीदारी सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात, मीसुद्धा. नोकरीत असताना वर बर्फात त्यांची पोस्ट हिमकड्याखाली गाडली गेली होती. सोबतच्यांनी उकरून बाहेर काढलं, पण तोवर बर्फ नाकाला टेकलेला आणि सगळा काळोख. तेव्हापासून त्यांना बंद जागा सहन होत नाही. लिफ्ट नाही, विमान नाही, रेल्वेचा डबा नाही, बसही नाही. बंद कारमध्ये बसले की घाम फुटतो, श्वास लागतो आणि हात आपोआप दाराचं हँडल शोधायला लागतो. एकदा उंब्रजजवळ, हायवेवर, मी चालवत असताना त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं. त्यानंतर मी त्यांना कारमध्ये बसवलं नाही.

इतकी वर्षं बुलेटवर निभावलं. मग पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बुलेट बंद केली. उघडी जीपही नको म्हणाले, धक्के बसतात. नेमकं त्याच वर्षी बंगळूरच्या आमच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, त्यात बीपी वाढलेलं. फोनवर ती बाबांना या म्हणत नव्हती, पण तिला काय म्हणायचं होतं ते आम्हा दोघांना कळत होतं.

कन्व्हर्टिबलची कल्पना जावयाची. छत उघडणारी, मऊ सीटची, लांबच्या प्रवासाला आरामशीर अशी परदेशी गाडी, अर्थात सेकंड हँड. साठीला आल्यावर हिरोगिरी सुचली, असं सुभेदारांचे मित्र म्हणाले. मी मात्र रिपोर्ट तपासावा तशी गाड्या तपासायला लागले. पुण्यात एक बघितली, ती इतकी बुटकी की सुभेदारांना बाहेर काढायला दोन माणसं लागली. कोल्हापूरची लाल गाडी दिसायला सुरेख, पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट कण्यात जायचा. मांडीखाली आधार हवा, कमरेला टेकू हवा, वारा अंगावर न येता वरून जायला हवा आणि छत मिटल्यावर डिकीत दोन बॅगा मावायला हव्यात. असं सगळं एका गाडीत मिळेना, आणि मुलीचे दिवस भरत चालले होते.

शेवटी सांगलीच्या गाडीची जाहिरात दिसली. गडद निळी, कापडी छताची, चार सीटची. मालक मगदूम म्हणून हळदीचे व्यापारी. आम्ही जानेवारीत, दुपारी गेलो. मी आमची साधी कार घेऊन आणि सुभेदार भाच्याच्या टेम्पोच्या मागच्या उघड्या भागात, गादी टाकून. पेठ नाक्याला चहाला थांबलो तेव्हा लोक बघत होते. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. भाचा सुभेदारांना उतरवून माल भरायला मार्केट यार्डात गेला.

मगदूम पोर्चमध्येच भेटले. मऊ बोलणारा माणूस. गाडी मिसेसची आहे, तिला लांब जायची हौस होती, आता तब्येत बरी नसते म्हणून काढतोय, एवढंच म्हणाले. घरात बोलावलं नाही. खुर्च्या पोर्चमध्येच मांडल्या होत्या. आतल्या दाराला पडदा होता, आणि खिडकीच्या काचेत उन्हामुळे बाहेरचंच दिसत होतं. मला स्वतःला घरातून सोडवत नाही, तुम्ही दोघं चक्कर मारून या, भिलवडीचा रस्ता चांगला आहे, असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

छत उघडून निघालो. नांद्रे गाव मागे पडलं आणि सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी इतक्या वर्षांत त्यांना कारमध्ये असं बसलेलं बघितलं नव्हतं. "लय झ्याक हाय गं," म्हणाले. पाठ दुखते का विचारलं तर नाही म्हणाले. मी मनातल्या मनात बॅगा भरायला लागले होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस. एके ठिकाणी तोड झालेल्या रानात पाचट पेटवलेलं होतं. वारा फिरला आणि धुराचा लोट सरळ रस्त्यावर आला. काळी राख अंगावर पडायला लागली, डोळे चुरचुरायला लागले. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागेही ट्रॉली, बाजूला घ्यायला जागा नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. मी छताचं बटण दाबून धरलं.

कापड डोक्यावरून सरकत आलं आणि समोर खटकन बसलं. आत अंधारल्यासारखं झालं. बाहेर धूर, काचेपलीकडे काही दिसेना. मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं.

सुभेदारांचा श्वास वाढलेला ऐकू यायला लागला. हात हँडलवर गेला. मी एका हाताने त्यांचा शर्ट घट्ट धरला आणि बोलत राहिले, आत्ता संपेल, आत्ता संपेल. ते माझं ऐकत नव्हते. अशा वेळी त्यांना माझा आवाज पोचतच नाही, हे मला माहीत आहे.

मग त्यांनी मान किंचित डावीकडे, मागे वळवली. कुणी काही सांगत असेल तर आपण वळवतो तशी. थोडं थांबून म्हणाले, "व्हय." मग परत, "व्हय, लावली." आणि नाकाने लांब श्वास घेतला. मग दुसरा. हँडलवरचा हात मांडीवर आला.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण ते कुणाशी तरी बोलत होते आणि ती मी नव्हते.

थोड्या वेळाने ओढ्यावरचा पूल लागला आणि तिथे धूर एकदम संपला. पलीकडे लख्ख ऊन. मी पूल ओलांडून गाडी कडेला घेतली आणि छत उघडलं. सुभेदार शांत होते. म्हणाले, "बाई म्हणल्या तसंच झालं बघ. पूल आला की धूर सपतो."

कोण बाई, मी विचारलं.

"मागं बसल्यात त्या." असं म्हणून ते मागे वळले.

मागच्या सीटवर माझी पर्स होती, दुसरं काही नाही.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. बर्फातून आलेला माणूस, पण असा घाबरलेला मी बघितला नव्हता. त्यांना वाटत होतं की मगदूमांच्या घरातली कुणी बाई सांगलीपासून आमच्याबरोबर बसून आली आहे. ती बसली कधी, ते आठवत नव्हतं. पण डाव्या कानाशी येऊन ती हळू बोलली होती. दादा, जीभ टाळूला लावा, नाकानं लांब श्वास घ्या, मी घाटात असंच करते, पूल आला की धूर संपतो.

डाव्या कानाशी... सुभेदारांचा डावा कान फायरिंगमध्ये गेलेला आहे. त्या कानाला काही ऐकू येत नाही, पेन्शनच्या मेडिकललाही तसंच लिहिलेलं आहे.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात भूत नव्हतं, मेंदू होता. ऑपरेशनचा परिणाम असेल, स्ट्रोकची सुरुवात असेल, गाठ असेल. आवाज ऐकू येणं म्हणजे काय काय असू शकतं याची यादी माझ्यासारखीला पाठ असते. गाडी नको, बंगळूर नको, आधी एमआरआय, असं मी ठरवून टाकलं. मगदूमांना काही बोलायचं नाही, किल्ली द्यायची आणि निघायचं, हेही त्यांना बजावलं.

पोर्चमध्ये गाडी लावली. मगदूमांनी कशी वाटली विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सुभेदार म्हणाले, "आवं, तुमच्या मिसेसना घाटाचं भ्या वाटायचं का?"

मगदूम म्हणाले, वाटायची, खूप वाटायची, पण ते तिने माझ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही. सगळ्यांना वाटायचं ही बेधडक आहे. मी शेजारी बसलेलो असायचो, ती तोंड मिटून जीभ टाळूला लावायची, की मला कळायचं आता घाट आला. भिलवडी तिचं माहेर, त्या रस्त्याचा खडान् खडा तिला पाठ. पण हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?

मी मध्ये पडून विषय बदलायला बघत होते, पण सुभेदारांना अर्धवट निरोप ठेवायची सवय नाही. त्यांनी सगळं सांगितलं, धुरापासून. आणि मग मलाही न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

"आनि एक म्हणल्या त्या. त्याचा अर्थ मला लागला न्हाई. म्हणल्या, घरी सांगा, खाट फिरवा. भित बघून बघून जीव इटला माझा."

मगदूम खुर्चीवर बसले. त्यांच्या मिसेस जिवंत आहेत, आत आहेत, हे त्यांनी आम्हाला तेव्हा सांगितलं. मागच्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. तेव्हापासून वाचा गेली. हात हलत नाही, मान फिरत नाही. एक शब्द बोललेली नाही. सगळं केलं, पुणे केलं, मुंबई केली. खायला-प्यायला सगळं वेळच्या वेळी. पण रोज सकाळी उजाडलं की डोळ्यांतून पाणी येतं, आणि का ते कुणाला कळत नाही.

ते उठले आणि पडदा बाजूला केला. आम्ही मागोमाग गेलो.

स्वच्छ खोली, धूपाचा वास. नर्सला मोकळ्या बाजूने वावरता यावं, सलाईनचा स्टँड लागावा, म्हणून खाट कोपऱ्यात आडवी लावलेली. त्यावर मगदूमांच्या मिसेस, सुमतीवहिनी. मान एका बाजूला, आणि डोळ्यांसमोर हातभर अंतरावर कोरी भिंत. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती. खिडकीतून पोर्च दिसत होता आणि पोर्चमधली निळी गाडी.

कुणी काही ठरवलं नाही. सुभेदारांनी पाठीचं ऑपरेशन विसरून एक बाजू धरली. मी ओरडणार होते, पण मीच दुसरी बाजू धरली होती. मगदूमांनी डोक्याकडून उचललं. खाट फिरवली.

उन्हाची तिरीप वहिनींच्या तोंडावर आली. त्यांनी डोळे मिटले, उघडले. बाहेर बघितलं, बराच वेळ. मग त्यांची नजर सुभेदारांवर आली. त्यांनी यांना याआधी कधी बघितलेलं नव्हतं. बघत असतानाच त्यांनी नाकाने एक लांब श्वास घेतला आणि सोडला. सुभेदारांनीही घेतला.

मगदूम त्यांच्या पायाशी टेकले होते. "सुमा, मला का न्हाई सांगितलंस गं?" एवढंच म्हणाले.

आम्ही बाहेर येऊन थांबलो. गाडी आता विकायची नाही, असं ते म्हणतील हे आम्हाला आधीच कळलं होतं, आणि ते तसंच म्हणाले.

सुभेदारांचा एमआरआय मी करून घेतलाच, बंद नळीत ते जाणार नाहीत म्हणून भूल देऊन. न्यूरोलॉजिस्टना काही सापडलं नाही. त्यांचं म्हणणं असं की भीतीच्या भरात मेंदू स्वतःच स्वतःला धीर देणारा आवाज तयार करतो. पटण्यासारखं आहे. पण मग मेंदूला तो पूल कुठून कळला? पडद्यामागची खाट कुठून कळली? डॉक्टर म्हणाले, तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. आम्ही कुठे ऐकलं असेल ते मी सगळ्या बाजूंनी तपासलं आहे. आमची कुणाशी ओळख नव्हती, घरात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि मगदूमांनी तब्येत बरी नसते याच्यापलीकडे एक अक्षर सांगितलं नव्हतं. मुख्य म्हणजे, खाट फिरवायला हवी हे तर मगदूमांनाच माहीत नव्हतं. जिवंत, घरात पडलेल्या बाईंचा आवाज एका परक्या माणसाच्या बहिऱ्या कानाला कसा पोचला, याला मी काय नाव देऊ?

आम्हाला पुढे नाशिककडून एक करड्या रंगाची गाडी मिळाली. तिच्यातूनच बंगळूरला गेलो, बेळगावपर्यंत कानटोप्या घालून. नात झाली, मुलगी बरी आहे. वाटेत दोनदा छत लावायची वेळ आली, तेव्हा सुभेदारांना त्रास झाला. जीभ टाळूला लावून त्यांनी तो काढला. मागून कुणी बोललं नाही.

उन्हाळ्यात मगदूमांचा फोन आला. वहिनी आता सकाळी रडत नाहीत, म्हणाले. त्यांना उचलून गाडीत बसवतो, छत उघडतो, गाडी सुरू न करता पोर्चमध्येच तासभर बसतो, म्हणाले. वाचा अजून नाही. मग त्यांनी सुभेदारांना फोन द्यायला सांगितलं. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"तिचा आवाज तुम्हाला परत कधी आला का?"

सुभेदार नाही म्हणाले.

मगदूम म्हणाले, "आला तर मला सांगा. काय म्हणते ती, तेवढं मला सांगा."