इलोनामावशीचा मलिदा

अलिबाग सोडलं ते चौसष्ट सालच्या सप्टेंबरात. एसटीने रेवस, तिथून लाँचने मुंबई आणि मग नर्सच्या नोकरीसाठी इंग्लंडची बोट. आई रेवसच्या धक्क्यापर्यंत आली होती. ती रडेल म्हणून मी मनाची तयारी करून ठेवली होती. पण बाईसाहेब रडल्या नाहीत, सूचना देत राहिल्या. ओल्या केसांनी झोपू नकोस. शनिवार आपला पाळायचा, पण ड्यूटी आलीच तर जा, देव समजून घेईल. लाँच सुटता सुटता शेवटची सूचना आली, "सुखरूप पोचलीस की मलिदा कर हं. मी एलियाहू हनाबीला बोललेय." म्हणजे नवस तिने बोलायचा आणि फेडायचा मी. आम्हा कोकणातल्या ज्यूंकडे, बेने इस्रायलांकडे, हे असंच चालायचं.

तुम्हा नातेवाइकांतले निम्मे आता इस्रायलात, उरलेले ठाण्या-मुंबईत. पोरांना मलिदा म्हणजे पेपरात पुढारी खातात तो, एवढंच ठाऊक असेल. आपला मलिदा म्हणजे गूळ, खोबरं, वेलची घातलेले गोड पोहे आणि ताटात भोवतीने फळं. संकटातून सुटका झाली, प्रवास पार पडला की एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करायचा. दहा पुरुष जमवायचे, एकेक फळ हातात घेऊन त्याची बराखा, म्हणजे स्तुतीची प्रार्थना, म्हणायची. झाडाच्या फळाची बराखा वेगळी, जमिनीच्या फळाची वेगळी. केळं कुठल्यात धरायचं यावरून बाबा आणि काका दर वेळी भांडायचे आणि तोवर पोहे सुकायचे.

लंडनजवळ हॅरोत खोली मिळेना. गोऱ्यांच्या दारावर काळ्यांना जागा नाही अशा पाट्याच असत. ज्यूंच्या घरी गेले तर माझी साडी बघून विचारत, तू ज्यू, नक्की? एका गृहस्थांनी तर दारातच प्रार्थना म्हणायला लावली. म्हटली, तरी खोली दिली नाही. शेवटी मिळालेल्या घरमालकिणीने, इलोनाने, मात्र काहीच विचारलं नाही. खोली थंड आहे, चालेल का, एवढंच म्हणाली. कोण ज्यू आणि कोण नाही ही चौकशी तिच्या आयुष्यात पुरेशी होऊन गेली होती, हे मला नंतर कळलं.

ती हंगेरीची, चाळिशीची, एकटी. घरीच कपडे आल्टर करून द्यायची. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या. एकदा भांडी घासताना तिने बाही सारली आणि नाझी छावणीत हातावर गोंदलेला तो नंबर मला दिसला. नर्स असूनही मी नजर वळवली आणि कोरडी झालेली बशी पुसत बसले. "बघ," ती म्हणाली, "बघितल्याने काही होत नाही." तेव्हापासून मी तिला मावशी म्हणायला लागले. आपल्याकडे आईच्या बहिणीला म्हणतात, असं सांगितल्यावर तिला ते फार आवडलं.

नवस तर फेडायचा होता. पोहे मिळेनात, तेव्हा पुडिंगसाठी मिळतो तो चपटा तांदूळ आणला, पाकिटातलं सुकं खोबरं दुधात भिजवलं, गुळाऐवजी ब्राउन शुगर. आपले दहा जण कुठून कुठून ट्रेनने आले. मावशी जिन्याच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. दोनदा मागून खाल्लं. मग मी तेच बोलले जे आपली कुठलीही बाई बोलली असती. मावशी, तुम्ही तर केवढ्या संकटातून सुटलात, तुमचा मलिदा राहूनच गेलाय, पुढच्या रविवारी करून टाकू.

तिने हातातली बशी सिंकमध्ये ठेवली. "थँक यू कोणाला म्हणू? माझ्या शेजारी मार्गित झोपायची. तिचं का नाही ऐकलं त्याने?" आणि वर निघून गेली.

नंतर कित्येक दिवस फक्त गुड मॉर्निंग. खोली जाईल याची भीती होतीच. पण मावशी तुटेल याची जास्त होती. या देशात मला दुसरं होतं कोण?

मग एका दुपारी ती आपणहून स्वयंपाकघरात येऊन बसली आणि बोलायला लागली. छावणीत पहिल्याच दिवशी तिची आई दुसऱ्या, मरणाच्या रांगेत गेली. इलोना उरली ती एका फळीवर दाटीवाटीने झोपणाऱ्या बायकांमध्ये. पोटात काही नाही, म्हणून त्या बायका तोंडाने स्वयंपाक करायच्या. आज एकीच्या घरी जेवण, उद्या दुसरीच्या. खसखस किती घालायची यावरून खरीखुरी भांडणं व्हायची. इलोना लाडात वाढलेली, अंडंही उकडता येत नव्हतं. म्हणून तिच्याकडे चव बघायचं काम. मीठ कमी आहे, असं ती म्हणायची आणि बायका हसायच्या. ती घरी परत आली, त्या आल्या नाहीत.

"तुमच्या त्या ताटात आभार मानावेच लागतात का?" तिने विचारलं.

आमच्याकडे असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार करून म्हटलं, बराखा फळाची असते, ते निर्माण करणाऱ्याची. आपल्या सुटकेचं त्यात काही नाही. ती म्हणाली, मग फळं आण. मी एकेक घेईन आणि एकेकीचं नाव घेईन. त्यांना थडगं नाही, मेल्याची तारीख नाही.

दिवस कुठला धरायचा? मी तिला आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याचं सांगितलं. झाडांच्या नव्या वर्षाला एलियाहूचा रथ तिथून स्वर्गात गेला, खडकावर चाकांच्या खुणा आहेत. मावशी म्हणाली, "आमच्याकडे यायला त्याला सवड झाली नाही. तुमच्या खंडाळ्याला बरा थांबला." पण दिवस तिने तोच धरला.

पुरुष नाहीत, पोहे नाहीत, आम्ही दोघीच. खजूर आईसाठी. सफरचंद मार्गितसाठी, ती सफरचंदाचं स्ट्रुडल करायची. संत्रं त्याच फळीवरच्या एल्लासाठी. केळं रोझीसाठी, कारण तिने ते कधी खाल्लं नव्हतं. द्राक्षं एका पोलिश बाईसाठी. तिची भाषा कोणाला येत नसे, ती हातवारे करून रांधायची. नाव कळलंच नाही. बराखा मी म्हणायची, आमेन मावशी.

दर हिवाळ्यात हे चालू राहिलं. माझं लग्न झालं, आम्ही मिल्टन कीन्सला आलो, तरी ती खजुराचा डबा घेऊन यायची. मधल्या काळात आई-बाबा इस्रायलात लोदला गेले, अलिबागचं घर दुसऱ्यांचं झालं.

गेल्या हिवाळ्यात मावशी आजारीच होती. फळं मांडली आणि बराखा म्हणायच्या आधी माझ्या लेकीने, हॅनाने, केळं उचललं. सहा वर्षांची आहे, तिचं मराठी तुम्ही ऐकलंच आहे. "मावशी, हा केळं रोझीचा ना? आणि ग्रेप्स त्या हातवाली बाईचे?" मग स्वतःच सगळी नावं सांगितली, एकही न चुकता.

मावशीने तिच्या हातातलं केळं घेऊन परत ताटात ठेवलं. मग म्हणाली, "आता माझा मलिदा कर. आभाराचा. दहा माणसं बोलाव."

का, ते तिनेच सांगितलं. "मी सुटले म्हणून नाही. मी मेले की त्या पुन्हा मरणार होत्या. आता नाही मरणार."

मलिदा केला. मार्चमध्ये मावशी गेली.

तुम्ही दर वेळी विचारता, घरी कधी येणार. अलिबागची आठवण अजून येते. पण मार्गित, एल्ला, रोझी, ती पोलिश बाई, इलोनाची आई आणि आता इलोना, यांची नावं घेणारं माझ्या नि हॅनाशिवाय दुसरं कोणी नाही. मी इथे घरीच आहे.