दोन तोंडांचं कपाट

वणीहून मारेगावकडे निघालं की गाव संपता संपता उकंडा मिस्त्रीचं टिनाच्या छपराचं सुतारी दुकान लागायचं. आतून रंध्याचा आवाज येत असेल तर मिस्त्री खुशीत आहे असं समजावं. रंधा बंद आणि नुसती बडबड ऐकू येत असेल, तर शहाण्या माणसानं सरळ पुढं जावं आणि दुपारून यावं. मिस्त्री तेव्हा एखाद्या फटीशी भांडत असायचा.

फट म्हणजे त्याची जन्माची वैरीण. आधी तो राजूरच्या कोळशाच्या खाणीत लाकडी टेकू बसवायचा. टेकू आणि छताच्या मधे फट राहिली की छत खाली येतं, ही अक्कल त्याला तिथं आली, आणि मग त्यानं ती पाट, स्टूल, खिडक्या, सगळ्यांना लावली. छपन्न साली वस्तीबरोबर त्यानंही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन बायकोला, सत्यशीलेला सांगितलं, "आता दुसऱ्याच्या हाताखाली नाई राह्यत. दुकान टाकतो." टाकलं. पण सुताराच्या घरचा नसलेला सुतार म्हणून लोक नुसते बघायला येत. कोणी स्टुलाचा पाय बसवून घेई, कोणी जू दुरुस्त करून नेई. मोठं काम म्हणून कोणी देईना.

अशात एक दिवस बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा किसनसिंग आला. "भिंतभर कपाट पाह्यजे. ह्या भिंतीपासून त्या भिंतीलोक, खालून वर छताच्या पाटईपर्यंत. सागाचं."

उकंडाचा रंधा जागच्या जागी थांबला. "कोणत्या भिंतीले लावाचं?"

"भिंतीले नाई. घराच्या मधात."

झालं होतं ते असं. किसनसिंग आणि त्याचा धाकटा भाऊ धनसिंग दोन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं ते आता त्यांच्या बायकांनाही नीट आठवत नव्हतं, पण अबोला मात्र दोघांनी लेकरासारखा जपला होता. वेगळं व्हायचं ठरलं. घर एकच, लांबलचक. मधे भिंत घालायला माती भिजवली, तर म्हातारी आई धुरपताबाई त्या मातीतच जाऊन बसली. तिचा सासरा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडलेला माणूस, त्यानं हिंडणं सोडून बांधलेलं हे घर. मी जिती आहे तोवर ह्या घरात भिंत पडणार नाही, म्हणाली. आईला उलटून बोलायची दोघांचीही छाती नव्हती, आणि वेगळं तर व्हायचंच होतं. तेव्हा किसनसिंगच्या सुपीक डोक्यातून हे निघालं. भिंत नको ना? मग कपाट घ्या. कपाटाला कोण भिंत म्हणतं?

दुसऱ्या दिवशी धनसिंग आला. "दादाकडं कपाटाचं तोंड अन् माह्याकडं पाठ, हे चालनार नाई. मी काय पाठ पाहत जेवू?"

उकंडानं तोड काढली. दोन्हीकडून दारं, आणि मधोमध फळ्यांची एकच पाठ, दोघांत मिळून. दोघंही राजी झाले. उकंडाला तर त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

माप घ्यायला गेला तेव्हा किसनसिंगकडून त्याला अंगणात चहा मिळाला, कान तुटलेल्या कपात. तो कप कोणासाठी वेगळा ठेवलेला असतो हे उकंडाला चांगलं ठाऊक होतं. चहा कडू लागला. पण धनसिंगनं ते पाहिलं. भावाची जिरवायची म्हणून त्यानं उकंडाला घरात खाटेवर बसवलं आणि नव्या कपबशीतून चहा पाजला. पुढच्या खेपेला किसनसिंगनं खाट टाकली, वर चिवडा दिला. भावाभावांच्या भांडणात सुद्धा कोणाचं तरी भलं होतं ते असं.

भिंती मातीच्या, एक पोट काढून उभी, दुसरी मागं कललेली. उकंडानं दोघींना मनसोक्त शिव्या दिल्या आणि कडेच्या फळ्यांवर त्यांचे सगळे फुगवटे पेन्सिलीनं उतरवून घेतले. भिंत वाकडी तर फळीही तेवढीच वाकडी कापायची, म्हणजे मधून पोस्टकार्डही जाणार नाही. निघताना त्यानं सहज विचारलं, "आजी कोणत्या बाजूले राह्यतीन?"

किसनसिंग पाटईकडं पाहू लागला. धनसिंग जमिनीकडं. "पाहू मंग," दोघंही पुटपुटले.

बाजाराच्या दिवशी धुरपताबाई स्वतःच दुकानात आली आणि भुशावर बसली.

"बाबू, त्या मधातल्या फळ्या मारू नको."

"आजी, पाठ नाई तर कपाट कायचं ते?"

"मले इकडून तिकडं जा लागते. थोरल्याच्या लेकराईले झोपवाचं, धाकट्याच्या पोरीची वेणी घालाची. अंगणातून वळसा घालून जाईन मी, गुडघे गेले चुलीत. पण ज्याच्या घरून निघीन तो म्हणन, गेली त्याच्याकडं. रोज कोणाचा ना कोणाचा जीव दुखवू काय?"

उकंडाचा जीव कळवळला. पण पहिलं मोठं काम, आणि त्यात भोक ठेवायचं? "काम त्या दोघाईनं देलं आजी. ते सांगतीन तसं करीन."

म्हातारी उठून गेली. दिवसभर मग तो एकाच फळीवर रंधा मारत राहिला. सत्यशीला म्हणाली, "फळी करून राह्यले का कागद?" तो तिच्यावरही खेकसला. शेवटी त्यानं एवढंच केलं, की मधला खालचा खण आडव्या फळीशिवाय उंच ठेवला. म्हातारीची पेटी राहील म्हणून, असं स्वतःलाच सांगितलं.

बैलबंडीतून सगळे भाग तांड्यावर नेले आणि कपाट घरात उभं केलं. भिंतीला असं चिकटलं की तांडा बघायला लोटला. वरून एकेक करत पाठीच्या फळ्या बसत गेल्या, आणि दोन घरं एकमेकांना दिसेनाशी झाली. उरली ती खालच्या खणाची फळी. उकंडा खिळे घ्यायला वळला आणि परत पाहतो तर धुरपताबाई खणात जाऊन बसलेली. पाठ थोरल्याकडं, गुडघे धाकट्याकडं.

"याडी, भायेर ये," किसनसिंग आईला म्हणाला. पलीकडून धनसिंगही तेच म्हणाला.

"येतो ना," म्हातारी म्हणाली. "कोणत्या बाजूनं येऊ, तेवढं सांगा."

उकंडा हातोडी घेऊन उभा. किसनसिंग हळूच खाली बसला आणि खणात वाकला, तर म्हातारीच्या खांद्यावरून पलीकडं धनसिंग तसाच वाकलेला दिसला. दोन वर्षांनी दोघांची नजर एकमेकांना भिडली होती.

"दादा," धनसिंग म्हणाला, "फळी राहू दे."

किसनसिंगनं मान हलवली आणि उकंडाला म्हणाला, "ने ती फळी वापस."

उकंडाला रडू आलं. एवढ्या बेमालूम कामात एवढं मोठं भोक राहिलं म्हणून राग आला, आणि राग येतोय म्हणून स्वतःची लाजही वाटली.

धुरपताबाई धाकट्याच्या बाजूनं बाहेर आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वाकून पुन्हा खणात शिरली आणि थोरल्याच्या बाजूनं निघाली. तिथून परत फिरली. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ती इकडून तिकडं, तिकडून इकडं करतच राहिली.

"याडी, बस आता," किसनसिंग म्हणाला. "नाई होत हा खण बंद."

उकंडानं त्या खणाची दोन्हीकडची दारं बिजागऱ्यांसकट काढली आणि बंडीत नेऊन टाकली.